घोट्यावरचा तारा: क्लासिक स्नीकरविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

जाड सुती कॅनव्हास, पांढऱ्या रबराचा सपाट तळ, पुढे अर्धगोल रबरी टोपी आणि घोट्याशी निळ्या ताऱ्याचा गोल बिल्ला. कॉन्व्हर्स कंपनीचा ‘चक टेलर ऑल स्टार’ ओळखायला एवढे वर्णन पुरते. हा बूट १९१७ साली अमेरिकेत बाजारात आला. त्यानंतर खेळाच्या बुटांची रूपे कितीदा तरी पालटली, याचा आराखडा मात्र जवळजवळ तसाच राहिला. आज तो पुण्या-मुंबईच्या कोणत्याही महाविद्यालयाच्या कट्ट्यावर दिसतो.

इतकी वर्षे टिकलेल्या वस्तूभोवती दंतकथा जमतात. विक्रेते त्या सांगतात, मित्र मित्रांना ऐकवतात आणि हळूहळू त्या माहिती म्हणून खपू लागतात. त्यात दुहेरी नुकसान आहे. बूट घडवणाऱ्यांचे खरे कौशल्य झाकले जाते आणि ग्राहक भलत्याच कारणासाठी पैसे मोजतो. या बुटाचा जवळजवळ एकही भाग उगाच आलेला नाही. काही भाग खेळाडूच्या पायासाठी आले, काही कारखान्याच्या गरजेपोटी आणि एक तर केवळ आयातकर वाचवण्यासाठी. कोणता भाग कोणाच्या सोयीचा, हे ओळखता आले की बूट पारखता येतो.

आधी अवयवांची ओळख करून घेऊ. पाय झाकणारा कापडी भाग म्हणजे अप्पर. नाडीखाली असते ती जीभ. नाडी ओवायच्या धातूच्या कड्या म्हणजे आयलेट. पायाखाली आत सुखतळा असतो आणि जमिनीला टेकतो तो आउटसोल. अप्पर आणि तळ यांच्या सांध्यावरून बुटाला वेढा घालणारी रबरी पट्टी म्हणजे फॉक्सिंग. बोटांवरची गुळगुळीत रबरी टोपी ही टो कॅप आणि तिच्यापुढची खरबरीत, जाड पट्टी हा टो बंपर. टाचेवर कंपनीच्या नावाचा छोटा रबरी तुकडा असतो. एवढ्या शब्दांवर पुढचे सगळे समजते.

गैरसमज १: चक टेलरने हा बूट घडवला, म्हणून त्याला त्याचे नाव मिळाले.

वस्तुस्थिती: बूट आधी आला, टेलर नंतर. मार्क्विस मिल्स कॉन्व्हर्स यांनी १९०८ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मॉल्डन गावी रबरी पादत्राणांचा कारखाना काढला. तिथे १९१७ साली ऑल स्टार तयार झाला. इंडियाना राज्यातला बास्केटबॉलपटू चार्ल्स हॉलिस टेलर, म्हणजेच चक, कंपनीत आला तो १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला आणि तोही विक्रेता म्हणून.

त्याचे खरे कर्तृत्व रस्त्यावरचे आहे. मोटारीत बूट भरून तो गावोगाव फिरे, शाळा-महाविद्यालयांच्या व्यायामशाळांत बास्केटबॉलची शिबिरे घेई, मुलांना चेंडू फेकायला शिकवी, प्रशिक्षकांशी मैत्री जोडी आणि मग बूट विके. खेळाचा प्रसार आणि मालाची विक्री ही दोन्ही कामे त्याने एकाच दौऱ्यात बसवली. बूट अधिक लवचिक व्हावा, घोट्याला आधार मिळावा अशा सूचना त्याने केल्याचे कंपनी सांगते. पण मूळ आराखडा त्याचा नव्हे. १९३० च्या दशकात त्याचे नाव सहीच्या रूपात बिल्ल्यावर आले. बास्केटबॉलच्या प्रसारासाठी १९६९ साली नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला आणि त्याच वर्षी तो वारला.

आदिदासच्या ‘स्टॅन स्मिथ’ची कथाही अशीच आहे. तो पांढरा चामडी टेनिस बूट १९६० च्या दशकात आला, तेव्हा त्यावर रॉबर्ट हाये या फ्रेंच टेनिसपटूचे नाव होते. १९७२ चा विम्बल्डन विजेता स्टॅन स्मिथ याचे नाव त्याला १९७० च्या दशकात लागले. बुटावरचे नाव बहुधा तो कोणी विकला हे सांगते. कोणी घडवला, ते बरेचदा नोंदीतही सापडत नाही. कारखान्यातल्या त्या अनाम कारागिरांचे श्रेय आपण निदान दुसऱ्याच्या खात्यावर मांडू नये.

गैरसमज २: हा मुळातच फॅशनचा बूट आहे.

वस्तुस्थिती: हा मैदानी कामाचा बूट होता. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्याच स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉल हा खेळ शोधला. हिवाळ्यात छपराखाली, लाकडी फरशीवर खेळायचा हा खेळ. त्यात खेळाडू धावता धावता अचानक थांबतो, वळतो, उडी घेतो. चामड्याचा तळ गुळगुळीत लाकडावर घसरतो, रबर धरून ठेवते. त्यामुळे या खेळाला रबरी तळाचाच बूट हवा होता.

दुसरे कारण कारखान्याचे होते. कॉन्व्हर्सचा सुरुवातीचा माल म्हणजे पावसा-बर्फात बुटांवर चढवायची रबरी आवरणे. तो धंदा मोसमी होता. वर्षभर यंत्रे आणि कामगार हाताशी ठेवायचे तर दुसरे उत्पादन हवे होते. कॅनव्हासच्या खेळाच्या बुटांनी ती गरज भागवली.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा पदकाचा खेळ म्हणून आला. अमेरिकेच्या संघाने लाल-निळ्या रेघांचे पांढरे ऑल स्टार घातले होते. अंतिम सामना उघड्यावर, पावसाने चिखल झालेल्या मैदानात झाला आणि अमेरिकेने कॅनडाला १९-८ असे हरवले. १९६२ साली विल्ट चेंबरलेनने एकाच सामन्यात १०० गुण मिळवले, तेव्हाही त्याच्या पायांत चक टेलरच होते. पुढे १९६९ साली आदिदासचा चामडी ‘सुपरस्टार’ आला, बुटांत मऊ फोम आले आणि कॅनव्हास व्यावसायिक मैदानातून मागे पडला. त्यानंतर रॉक संगीतवाल्यांनी आणि कॉलेजातल्या मुलांनी तो उचलला. फॅशन हा या बुटाचा दुसरा जन्म आहे.

गैरसमज ३: आतल्या बाजूची दोन भोके जादा नाडी ओवण्यासाठी आहेत.

वस्तुस्थिती: पायाच्या कमानीपाशी, तळाच्या थोडे वर असलेली ही दोन आयलेट हवेसाठी आहेत. कॅनव्हास श्वास घेते हे खरे, पण या बुटात ते दुहेरी असते, थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि खालून रबराचा पूर्ण अडसर असतो. घामाची वाफ बाहेर पडायला वाट हवी म्हणून ही भोके ठेवली. पाय टाकताना बूट दबतो तेव्हा आतली थोडी हवा त्यांतून बाहेर ढकलली जाते.

त्यांतून नाडी ओवण्याची तऱ्हा तरुणांत दिसते. त्याने काही बिघडत नाही. पण भोकांचे मूळ काम थांबते आणि आपल्या एप्रिल-मे महिन्यांत ते लगेच जाणवते. स्टॅन स्मिथवरच्या छिद्रांच्या तीन रांगांनाही हाच उपयोग आहे. चामडे कॅनव्हासपेक्षा कोंदट, म्हणून तिथे छिद्रे जास्त. कंपनीची खूण आणि हवेची वाट ही दोन्ही कामे त्या रांगा एकदम करतात.

गैरसमज ४: घोट्यावरचा बिल्ला आणि बाजूचे पट्टे ही निव्वळ जाहिरात आहे.

वस्तुस्थिती: आज ती जाहिरातच आहे, पण सुरुवात कामातून झाली. चक टेलरचा गोल बिल्ला घोट्याच्या आतल्या बाजूला असतो. नुसती जाहिरात करायची असती, तर तो समोरून येणाऱ्याला सहज दिसेल असा बाहेरच्या बाजूला लावला असता. आतल्या बाजूला घोट्याचे हाड पुढे आलेले असते आणि खेळताना दुसऱ्या पायाची ठोकर तिथेच बसते. तिथला जादा थर म्हणून बिल्ला आला आणि त्यावर कंपनीने आपला तारा छापला. घोट्याखाली संपणारा बुटका प्रकार १९५७ साली निघाला. त्यात हे हाड झाकलेच जात नाही, म्हणून तो गोल बिल्लाही बाजूला नसतो.

पट्ट्यांचे तसेच. धावण्याच्या जुन्या बुटांत पातळ चामडे पायाच्या मध्यभागी ताणले जाई, बूट ढिला पडे. तिथे आडव्या पट्ट्या शिवल्या की पकड टिके. आदिदासचे संस्थापक आदी डासलर यांच्या बुटांवरच्या पट्ट्या अशाच आधाराच्या होत्या. तीन पट्ट्यांचे चिन्ह आधी कारहू ही फिनलंडची कंपनी वापरत असे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकनंतर आदिदासने तिच्याकडून त्याचे हक्क घेतले. आज बहुतेक बुटांवर पट्ट्या आधार न देता नुसत्या चिकटवलेल्या असतात. बूट घेताना बाजूच्या पट्टीची शिवण पाहिली की ती काम करते की मिरवते, हे कळते.

गैरसमज ५: पुढची रबरी टोपी आणि कडेची पट्टी शोभेची आहे.

वस्तुस्थिती: हे दोन भाग काढले तर बूट काही आठवड्यांत फाटेल. बास्केटबॉल खेळताना मागचा पाय फरशीवर घासत ओढला जातो. नुसते कॅनव्हास त्या जागी लवकर झिजते. टो कॅप बोटांना झाकते आणि दुसऱ्याचा पाय पडला तर धक्का थोडा कमी करते. घर्षण सोसायचे काम टो बंपरचे, म्हणूनच तो जाड आणि खरबरीत असतो.

फॉक्सिंगचे काम याहून मोठे आहे. अप्परचे कापड खाली वळवून तळाला जोडले जाते, तो सांधा बुटाचा सर्वांत नाजूक भाग. फॉक्सिंग त्या सांध्याला दोन्ही अंगांनी, म्हणजे अर्धी कापडावर आणि अर्धी तळावर, घट्ट धरते. या बुटाचे दुखणेही त्यामुळे ठरलेले असते. पाऊल उचलताना बूट चवड्यापाशी दुमडतो, कापड सहज वळते पण रबरी पट्टी तितकी वळत नाही. हजारो वेळा हे झाले की तिथे पट्टी सुटते किंवा कापड चिरते. जुना चक टेलर पाहा, तो बहुधा तिथेच गेलेला दिसेल. नवा घेताना चवड्याजवळ बोट फिरवून फट नाही ना, हे बघणे हीच याची मुख्य तपासणी.

गैरसमज ६: याचा तळ नुसता चिकटवलेला असतो, शिवलेला तळच टिकाऊ.

वस्तुस्थिती: या बुटाची खरी विद्या इथे आहे. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत ठिसूळ. त्यात गंधक मिसळून तापवले की रबराच्या लांब साखळ्या गंधकाच्या दुव्यांनी एकमेकींना जोडल्या जातात आणि रबर लवचिक, टिकाऊ होते. या क्रियेला व्हल्कनायझेशन म्हणतात. चार्ल्स गुडइयर यांनी १८४४ साली अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉक यांनीही ते मिळवले होते.

चक टेलरमध्ये ही क्रिया संपूर्ण बुटावर होते. शिवलेले अप्पर पायाच्या आकाराच्या कालबुतावर, म्हणजे फर्म्यावर, ओढून बसवतात. मग तळ, फॉक्सिंग, टो कॅप, बंपर असे रबरी भाग रबरी सिमेंटने हाताने लावतात. यांतले बरेच रबर अजून पुरते पक्के झालेले नसते. मग असे शेकडो जोड फर्म्यांसकट एका मोठ्या बंद भट्टीत जातात. तिथे शंभर अंश सेल्सियसहून जास्त उष्णतेत आणि दाबाखाली साधारण तासभर ठेवल्यावर वेगवेगळे लावलेले रबर एकजीव होते आणि कापडाच्या विणीत घट्ट बसते. चिकटवणे ही त्या प्रक्रियेची पहिली पायरी आहे, शेवटची नाही.

दुसरी मोठी पद्धत कपसोलची. यात तळ आधीच साच्यात वाटीसारखा ओतून घेतात, त्यात अप्पर बसवतात आणि कडेने शिवतात. स्टॅन स्मिथ आणि १९८२ चा नाइके एअर फोर्स वन हे या घराण्यातले. कपसोल जाड आणि मजबूत असतो, त्यात गादीला जागा मिळते, पण तो सुरुवातीला कडक वाटतो. व्हल्कनाइज्ड तळ पातळ आणि लवचिक असतो, जमिनीचा अंदाज चांगला देतो, म्हणून स्केटबोर्ड खेळणाऱ्यांना तो आवडतो. टिकाऊपणा शिवणीवरून ठरत नाही. रबराचा दर्जा, सांध्याची सफाई आणि तुमचा वापर यांवरून ठरतो.

या पद्धतीची एक मर्यादाही नोंदवायला हवी. अख्खा बूट तापवायचा असल्याने त्यातला प्रत्येक पदार्थ ती उष्णता सोसणारा हवा. सुती कापड आणि रबर सोसतात, आजचे बरेच हलके फोम सोसत नाहीत. चक टेलरमध्ये गादी कमी असण्याचे हे एक मोठे कारण आहे.

गैरसमज ७: तळाची नक्षी शोभेची असते आणि नव्या तळावरचा मखमली थर पकड वाढवतो.

वस्तुस्थिती: नक्षी पकड देते, हे उघड आहे. पण ती तळाचे आयुष्यही ठरवते. व्हॅन्स कंपनी १९६६ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली. तिच्या पहिल्या तळावर शंकरपाळ्यांच्या आकाराची नक्षी होती आणि चवड्याच्या जागी तळाला चिरा पडू लागल्या. कंपनीचे संस्थापक पॉल व्हॅन डोरन यांनी त्या भागात जादा रेघा घातल्या आणि चिरा थांबल्या. आजचा प्रसिद्ध वॅफल तळ त्या दुरुस्तीतून आला. नक्षीतला छोटासा बदलसुद्धा बूट वाचवू शकतो.

मखमली थराचे मूळ मात्र वेगळे आहे. कॉन्व्हर्सच्या अनेक जोडांच्या तळावर नवे असताना पातळ कापडी लव असते, ती थोड्या दिवसांत झिजून जाते. अमेरिकेत आयात बुटांवरचा कर ते कोणत्या वर्गात मोडतात यावर ठरतो. रबरी तळाच्या कापडी बुटांवर कर जास्त. तळाचा जमिनीला टेकणारा अर्ध्याहून अधिक भाग कापडी असेल तर वर्ग बदलतो आणि कर बराच कमी होतो. ही लव त्या हिशेबापोटी आली. पायाला तिचा काही उपयोग नाही, उलट पहिल्या दिवशी गुळगुळीत फरशीवर ती घसरण्याचा धोका वाढवते. नवा जोड घालून खरबरीत रस्त्यावर थोडे चालावे, लव निघून जाते.

गैरसमज ८: उंच बूट घातला की घोटा मुरगळत नाही.

वस्तुस्थिती: हा सर्वांत घातक गैरसमज, कारण त्यावर विसंबून मुले बेफिकीर खेळतात. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ६२२ महाविद्यालयीन बास्केटबॉल खेळाडूंना चिठ्ठ्या टाकून उंच आणि बुटके असे वेगवेगळे बूट दिले गेले. त्या मोसमात एकूण १५ घोटे मुरगळले आणि बुटाच्या उंचीने ठळक फरक पडल्याचे दिसले नाही.

कारण समजणे सोपे आहे. चक टेलरच्या घोट्याभोवती मऊ कॅनव्हास आहे. पूर्ण वजनाने वळणारा पाय ते रोखू शकत नाही. ते हाडाला खरचटण्यापासून वाचवते आणि बूट पायात टिकवते, एवढेच. घोट्याला खरी साथ स्नायूंची ताकद, तोल राखण्याचा सराव आणि गरज पडली तर ब्रेस, म्हणजे घोट्याचा आधारपट्टा, देतो. ज्याचा घोटा एकदा मुरगळला आहे त्याने उंच बुटावर भरवसा ठेवू नये, फिजिओथेरपिस्टला दाखवावे.

गैरसमज ९: सपाट तळाचा बूट पायाला वाईटच. किंवा उलट: स्पोर्ट्स शू आहे, कशालाही चालतो.

वस्तुस्थिती: दोन्ही टोके चुकीची. डांबरी रस्त्यावर धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोर पायावर येतो. चक टेलरचा पातळ रबरी तळ त्यातला फारसा शोषत नाही आणि बूट जडही आहे. मॅरेथॉनच्या सरावाला तो घालू नये. १९७० च्या दशकापासून धावण्याच्या बुटांत ईव्हीए फोम आला तो याच कामासाठी.

पण वजन उचलताना हाच कठीण तळ उपयोगी पडतो. स्क्वॉट किंवा डेडलिफ्ट करताना मऊ फोम दबतो आणि तोल हलतो. सपाट, न दबणारा तळ पाय स्थिर ठेवतो. जिममध्ये अनेक जण मुद्दाम चक टेलर घालतात त्याला हे पक्के कारण आहे. रोजच्या चालण्यात निरोगी पायाला तो चालतो. टाच किंवा कमान दुखत असेल तर मऊ सुखतळा घालावा, नाहीतर दुसरा बूट घ्यावा.

गैरसमज १०: साधा चक टेलर आणि ‘चक ७०’ एकच, फरक फक्त किमतीचा.

वस्तुस्थिती: रूप एकच, घडण वेगळी. १९७० च्या सुमाराच्या बुटांवरून कंपनीने २०१३ साली चक ७० काढला. त्यात कॅनव्हास अधिक जाड आहे, सुखतळा अधिक मऊ आहे, फॉक्सिंग जास्त उंच आणि दुधाळ रंगाची आहे आणि टाचेचा तुकडा काळा आहे. रोज वापरणाऱ्याला त्याचे पैसे वसूल होतात. महिन्यातून दोनदा घालणाऱ्याला साधा जोड पुरेसा आहे.

मापाचीही एक गोष्ट इथेच. चक टेलर सहसा मोठा बसतो, म्हणून नेहमीच्या मापापेक्षा अर्धा नंबर कमी घालून पाहावा. संध्याकाळी पाय किंचित सुजलेले असतात, तेव्हाच माप घ्यावे. रुंद पावलाच्या माणसाला मात्र अर्धा नंबर कमी करणे जमेलच असे नाही.

गैरसमज ११: असे कॅनव्हासचे बूट आपल्याकडे आता आता आले.

वस्तुस्थिती: आपल्यातले लाखो जण अशाच घडणीच्या बुटांत शाळेत कवायत करून मोठे झाले. झेकोस्लोव्हाकियातल्या बाटा कंपनीने १९३० च्या दशकात कोलकात्याजवळ कारखाना उभारला, त्यातून बाटानगर वसले. १९३६ साली तिथून ‘बाटा टेनिस’ आला. पांढरे कॅनव्हास, रबरी तळ, पुढे रबरी टोपी. महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये आपण ज्यांना पी.टी.चे बूट म्हणतो, ते याच घराण्यातले. पंधरा ऑगस्टच्या आदल्या संध्याकाळी ज्यांना आपण खडू किंवा पांढरे पॉलिश लावत होतो, त्या बुटांचे शरीरशास्त्र आणि परदेशी ब्रँडच्या महागड्या जोडाचे शरीरशास्त्र मुळात एक आहे.

याउलट, ज्याला आपण पक्का अमेरिकन बूट समजतो त्याचे अमेरिकेतले उत्पादन २००१ साली कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर थांबले. २००३ साली नाइकेने कॉन्व्हर्स विकत घेतली. आजचे जोड आशियातल्या कारखान्यांत तयार होतात. देशाच्या नावावर दर्जा ठरवू नये.

गैरसमज १२: न वापरता डब्यात ठेवलेला बूट कायम नवा राहतो, मळला तर वॉशिंग मशीन आहेच.

वस्तुस्थिती: मुंबई-कोकणाच्या दमट हवेत हा गैरसमज महागात पडतो. ज्या बुटांच्या तळात पॉलियुरेथेन फोम असतो, त्याचे हवेतल्या ओलाव्याने हळूहळू विघटन होते. न वापरलेला बूटसुद्धा काही वर्षांनी पायात घालताच भुगा होऊ शकतो. व्हल्कनाइज्ड रबराला हा रोग नाही, पण ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन यांनी ते कडक होते आणि चिरते. बूट सावलीत, हवेशीर जागी ठेवावा आणि मधूनमधून घालावा.

धुताना मशीन टाळावे. गरम पाण्याने आणि आपटण्याने सांधे कमजोर होतात. नाडी आणि सुखतळा काढून, मऊ ब्रश, साधे पाणी आणि थोडा सौम्य साबण वापरून घासावे. पांढऱ्या कॅनव्हासवर धुतल्यावर पिवळे डाग पडतात, तो मळ नसतो. बहुतेक वेळा आत राहिलेला साबण किंवा ब्लीच उन्हात वाळताना ते डाग उठवतात. भरपूर पाण्याने खळबळून, पांढऱ्या कागदात गुंडाळून सावलीत वाळवले तर डाग टळतात. पांढरे रबर वयाने पिवळे पडते ते हवेतल्या प्राणवायूमुळे आणि उन्हामुळे. ते पूर्ण थांबवता येत नाही.

शेवटी, बूट घेणाऱ्यांना

२०१५ साली कॉन्व्हर्सने आधुनिक गादीचा ‘चक टू’ मोठ्या गाजावाजाने आणला, पण तो फार काळ टिकला नाही. जुनाच आराखडा विकला जात राहिला. त्याला जादू म्हणायचे कारण नाही. कमी भाग, प्रत्येकाला नेमून दिलेले काम आणि त्या कामाला साजेसा पदार्थ, एवढ्यावर तो उभा आहे.

म्हणून पुढच्या वेळी दुकानात गेल्यावर बिल्ल्यावरचे नाव आधी वाचू नका. बूट उलटा करून तळाची नक्षी पाहा. चवड्यापाशी तो वाकवा आणि फॉक्सिंगला फट पडते का ते बघा. बाजूच्या पट्टीची शिवण तपासा, सुखतळा दाबून पाहा. आणि हा बूट मला कशासाठी हवा, हे आधी ठरवा. चालायला, जिमला, रोजच्या वापराला चक टेलर चांगला आहे. धावायला किंवा दुखऱ्या घोट्याच्या भरवशासाठी तो घेऊ नका.